गंगेत न्हालेला रोहू

लग्न उद्यावर आलं होतं आणि बीणापाणिबाईंनी नवऱ्याच्या गळाच्या सगळ्या काठ्या खोलीतून उचलून परसातल्या आचाऱ्याच्या चुलीजवळ नेऊन ठेवल्या होत्या.

“अहो, ऐकताय ना?” त्या दारातून ओरडल्या. “उद्या सकाळी नवरीकडे हळदीच्या तत्त्वाची ताटं निघायच्या आत घरात रोहू आला नाही, तर आचारी पहिली कढई याच लाकडांवर चढवणार आहे. मी सांगून ठेवलंय त्याला.”

शशधर कुंडू ताडकन उठून उभे राहिले. बालागढच्या बाजारात त्यांचं छत्र्यांचं दुकान होतं, पण गावात कुणी त्यांना छत्रीवाले म्हणत नसे. ते गळवाले शशधरबाबू होते. त्या काठ्यांतली एक त्यांच्या वडिलांची, बांबूची, तेल पाजून पाजून काळी झालेली. दोन फायबरच्या होत्या, त्या काही धड जळल्या नसत्या. पण बीणापाणिबाई जिद्दीच्या होत्या, त्यांनी रॉकेल ओतून जाळल्या असत्या.

हे संकट शशधरबाबूंनी स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलं होतं. मुलाचा, तमालचा, साखरपुडा कालन्याला नंदींच्या घरी झाला. तिथे नवरीचे, झिनुकचे, मधले काका पशुपती नंदी भेटले. पशुपतीबाबू मोटारसायकलवरून आले आणि हेल्मेट काखेत धरूनच घरभर फिरत राहिले. राजाने मुकुट काढून हातात घ्यावा, तसा त्यांचा रुबाब होता. तेही गळवाले निघाले, आणि तेही फक्त नदीचे. दोघांची गाठ पडल्यावर नवरा-नवरीकडे बघायला कुणाला वेळ होता!

“तळ्यात सोडलेला मासा तिकीट काढून धरायचा,” शशधरबाबू रसगुल्ला हवेत नाचवत म्हणाले, “म्हणजे आपल्याच खिशात हात घालून आपलंच पाकीट मारायचं!”

“काय बोललात व्याहीबुवा!” पशुपतीबाबूंनी मांडीवर थाप मारली. “ते परदेशातले साहेब बघा. टीव्हीवर दाखवलं होतं. कुंपण घालून आत हरणं पाळतात. हरणाला नाव असतं, वेळेवर दाणा असतो. साहेब खुर्चीत बसून त्याला गोळी घालतो आणि वर शिंगं धरून फोटो काढतो. अरे, गोठ्यात शिरून गाय मार की मग!”

“तळं काय आणि ते कुंपण काय, एकच!”

“थू त्यांच्यावर!”

असं दोघांचं गूळपीठ जमलं. इतकं जमलं, की पशुपतीबाबू सगळ्या बैठकीला ऐकू जाईल असं म्हणाले, “मग आमच्या झिनुकच्या हळदीला जो मासा येईल, तो गंगेतलाच ना? आणि तुमच्या हातचा?”

आता नवऱ्याकडून हळदीला जाणारा मासा म्हणजे काय ते बंगालात पोराटोरांनाही ठाऊक असतं. तत्त्वातली साड्यांची, मिठाईची ताटं मागे आणि सगळ्यांत पुढे भलामोठा रोहू, नाकात नथ घालून, नवरीसारखा सजवलेला. त्या माशाच्या आकारावरून नवरीकडच्या बायका पुढची कित्येक वर्षं व्याह्यांची किंमत करतात. शहाणी माणसं तो बाजारातून आणतात.

“गंगेतलाच!” शशधरबाबू छाती काढून म्हणाले. “माझ्या गळाने, गंगेतून काढलेला. नाहीतर जन्मात पुन्हा काठीला हात लावणार नाही.”

झिनुकचे सगळे काका, मामा, आत्या साक्षीला होते.

आणि मग श्रावण लागला. गंगेला पूर आला. पाणी गढूळ चहासारखं, वर जलपर्णीची बेटंच्या बेटं वाहत चाललेली. शशधरबाबू दुकान नोकरावर टाकून घाटावर बसले ते बसलेच. गळाला लागलं काय काय? एक शिंगाडा मासा, त्याने त्यांनाच काटा मारला. एक कासव, ते दोरी तोडून गेलं. एक चप्पल, आणि दुसऱ्या दिवशी तिची जोडी. रोहूचं मात्र खवलंही दिसेना.

आज शेवटचा दिवस. काठ्या चुलीपाशी. शशधरबाबू डोकं धरून बसले असताना त्यांचा मेहुणा हाबुल शेजारी येऊन टेकला. हाबुल हा बीणापाणिबाईंचा धाकटा भाऊ, खाण्याच्या आणि भानगडीच्या वेळी अचूक हजर असायचा.

“जामाईबाबू,” तो कानाशी लागला, “पांडुयाच्या बाजूला राणीसायर म्हणून तळं आहे. तिकिटाचं. बाजारात हत्ती दिसेल, पण तसला रोहू नाही दिसायचा.”

“हाबुल! तू माझ्या घरात, माझ्यासमोर...”

“काठ्या चुलीपाशी आहेत, जामाईबाबू.”

शशधरबाबूंनी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाले, “कुणी ओळखीचं असलं तिथे तर?”

“टोपी घाला की.”

त्यांनी टोपी घातली. साधी नव्हे, थंडीची, लोकरीची माकडटोपी, डोळे-नाक सोडून सगळं झाकणारी. श्रावणातल्या त्या उकाड्यात रिक्षात बसलेली माणसं त्यांच्याकडे वळून वळून बघत होती. “दातदुखी,” हाबुल सगळ्यांना सांगत होता. टोपीच्या आत शशधरबाबूंचा पाव झाला होता. पण चुलीपासून सोडवून आणलेली बापाची काठी मांडीवर होती आणि ते सगळं सोसत होते.

राणीसायर बघून मात्र त्यांची छाती धडधडायला लागली. काठाकाठाने बांबूची मचाणं, त्यांवर ताडपत्र्या, आणि मधोमध काळंशार पाणी. त्या पाण्यात मध्येच काहीतरी रेड्याएवढं वळायचं आणि लाट काठाला येऊन लागायची. शशधरबाबूंच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याची त्यांना भयंकर लाज वाटली.

तळ्याचा कारभारी फटिक म्हणून एक काटकुळा माणूस होता. त्याने टोपीकडे पाहिलं, पण चेहऱ्यावरची रेघही हलू दिली नाही.

“दातदुखी,” हाबुल म्हणाला.

“असेल,” फटिक म्हणाला. “इथे बऱ्याच बाबूंना काही ना काही होतं. महिन्यापूर्वी एक बाबू आले, त्यांनी दिवसभर डोक्यावरचं हेल्मेट काढलं नाही. काच वर करून मुरमुरे खायचे, परत खाली. तळ्यातला सगळ्यांत मोठा रोहू लागला होता त्यांना. दोरी तोडून गेला. बाबू हेल्मेटच्या आतच रडले हो. काच धुरकटली होती.”

काय एकेक निर्लज्ज माणसं असतात, शशधरबाबूंच्या मनात आलं. तोंड लपवून तळ्यावर येतात! त्यांनी माकडटोपी आणखी खाली ओढली आणि मचाणावर जाऊन बसले.

त्यांना वाटलं होतं, तळ्यातला मासा म्हणजे गळ टाकला की येणार. गळ टाकला. कुणी आलं नाही. मुंग्यांची अंडी लावली, मधात मळलेला पाव लावला. दोरीवरचं तरंगतं बोयरं नुसतं मजेत डुलत होतं. आजूबाजूच्या मचाणांवर मात्र लोक मासे ओढत होते.

“बाबू नदीवरचे दिसतात,” फटिक चहा घेऊन आला तेव्हा म्हणाला.

“कशावरून?” शशधरबाबू दचकले.

“गळ टाकून देवाचं नाव घेत बसलाय. नदीतला मासा अडाणी, बाबू. त्याने जन्मात गळ बघितलेला नसतो, भूक लागली की गिळतो. आमचा मासा शिकलेला आहे. दर रविवारी परीक्षेला बसतो. कुठला पाव कुठल्या दुकानाचा, हेसुद्धा त्याला कळतं. शिळं द्या त्याला, आंबलेली पेंड द्या. फुकटचं आणि नासकं दिसलं की त्याला संशय येत नाही.”

शशधरबाबूंनी निमूटपणे आंबलेली मोहरीची पेंड लावली. तिच्या वासाने माकडटोपीतही डोळ्यांत पाणी आलं. गळ पडला, बोयरं स्थिरावलं, एकदा थरथरलं, आणि पाण्याखाली असं नाहीसं झालं की जणू तिथे कधी नव्हतंच.

“हाबुल!!”

काठी कमानीसारखी वाकली. चाकावरची दोरी कर्रर्र करत निघाली ती तळ्याच्या पार मधोमध. शशधरबाबू उठून उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. चष्मा पाण्यात पडला. त्यांना भान नव्हतं. रोहू खाली बसला की ते दोरी घेत, उसळला की देत. “ये रे माझ्या बाळा! ये रे लबाडा! नको जाऊ, नको जाऊ, लग्न आहे रे घरात!” असं मोठमोठ्याने बोलत होते. हाबुलने मागून त्यांची कंबर धरली होती आणि फटिकने हाबुलची. शेजारच्या मचाणांवरचे लोक आपापले गळ सोडून ओरडायला लागले. अखेर तो वर आला, कुशीवर झाला, आणि त्याची सोनेरी पिवळी कूस पाण्यावर झळकली तेव्हा शशधरबाबूंच्या अंगावर काटा आला. गंगेवर आयुष्य घालवलं, पण असला आनंद त्यांना झाला नव्हता. हे त्यांनी लगेच मनातून पुसून टाकलं.

रोहू जाळीत आला. फटिकने त्याला निरखलं आणि म्हणाला, “हाच तो. हेल्मेटवाल्या बाबूंचा.”

पण ते ऐकायला शशधरबाबू शुद्धीवर कुठे होते!

परतीच्या वाटेवर, गोणपाटात गुंडाळलेला मासा मांडीवर घेऊन बसल्यावर, त्यांचं मन त्यांना खायला लागलं. छत्रीला ठिगळ असेल तर गिऱ्हाइकाला दाखवून विकणारा माणूस तो. गंगेचं नाव घेऊन खोटं कसं बोलायचं?

“हाबुल,” ते एकाएकी म्हणाले, “मी काय शब्द दिला होता? माझ्या गळाने, गंगेतून काढलेला. बरोबर?”

“बरोबर.”

“मग मासा गंगेत टाकू. आणि गळाने काढू. मग खोटं कुठे राहिलं?”

हाबुलने त्यांच्याकडे अपार आदराने पाहिलं.

घाटावर संध्याकाळची सामसूम होती. शशधरबाबूंनी त्या मेलेल्या रोहूच्या ओठात आपला गळ नीट अडकवला, “गंगामाई, क्षमा कर,” म्हणाले आणि त्याला पायरीजवळच्या पाण्यात हलकेच सोडलं. नुसता बुडवायचा आणि काढायचा, एवढंच काम होतं.

पण ओहोटी लागली होती आणि वर पुराचा लोट. त्या लोटाने रोहूला उचललं आणि तो त्याला थेट समुद्राकडे घेऊन चालला. चाक पुन्हा कर्रर्र करायला लागलं.

“अरे, हा चालला!” शशधरबाबू किंचाळले.

“मेलाय ना तो?” हाबुल ओरडला.

“त्याला सांग!”

त्या आरोळ्या ऐकून न्हाव्याच्या दुकानातली अर्धी दाढी झालेली गिऱ्हाइकं धावत आली. होड्या बांधणारे सुतार आले. देवळातले पुरोहित हातातली घंटा न ठेवताच आले. “गळवाल्या शशधरबाबूंना लागला! मोठा लागलाय!” घाट माणसांनी भरून गेला. मधूनच जलपर्णीतून त्या माशाची पिवळी कूस वर यायची आणि घाटावरून आरोळी उठायची. जिवंतपणी दिली नव्हती एवढी झुंज तो रोहू मेल्यावर देत होता. वडिलांची काठी करकरत होती. शशधरबाबू गुडघाभर पाण्यात, मग कंबरभर पाण्यात. हा गेला तर काठ्या गेल्या, अब्रू गेली, उद्याचं तत्त्व गेलं. त्यांच्या डोळ्यांतून खरंखुरं पाणी वाहत होतं. शेवटी मासा होडीच्या दोरखंडाला अडला आणि त्यांनी तो इंच इंच करून ओढून आणला.

लोकांनी जयजयकार केला. पुरोहित मात्र वाकून माशाकडे बघत राहिले.

“फडफडत कसा नाही हा?”

हाबुलने हात जोडले. “गंगामाईच्या कुशीत देह ठेवला त्याने, ठाकूरमशाय. पुण्यवान जीव.”

पुरोहितांनी नकळत घंटा वाजवली. मग सगळ्या घाटाने शशधरबाबूंना आणि रोहूला वाजतगाजत घरी आणून सोडलं.

बीणापाणिबाईंनी मासा पाहिला. वाकून वास घेतला. मग भावाकडे पाहिलं. हाबुल आढ्याकडे बघत होता. बाई मासा आत घेऊन गेल्या. सकाळी नथ अडकवताना फक्त म्हणाल्या, “याच्या ओठाला आधीच दोन भोकं आहेत.”

“हौशी असतात गंगेतले,” शशधरबाबू म्हणाले आणि घाईघाईने दुसऱ्या खोलीत गेले.

लग्नाला वऱ्हाड कालन्याला पोचलं तेव्हा मांडवाच्या दारात पशुपतीबाबू हात पसरून उभे होते.

“व्याहीबुवा, मानलं! सकाळी नथ घातलेला तो रोहू बघितला आणि म्हटलं, गंगा ती गंगा! त्याच्या ओठांची लाली बघितली? तळ्याच्या माशाला कधी असते का तशी?”

ती लाली तमालच्या आत्याने आळता लावून आणली होती. शशधरबाबू कसनुसं हसले. संध्याकाळभर त्यांच्या मनाला घोर लागला होता. हा माणूस जाणकार, कुठल्या तरी क्षणी खवल्यावरून ओळखणार आणि भर मांडवात विचारणार.

पंगत बसली. मानाची गोष्ट म्हणून माशाचं अखंड डोकं वरबापाच्या पानात पडलं, तेही पशुपतीबाबूंच्या हाताने. वाढून ते समोरच बसले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगायला लागले.

“महिन्यापूर्वी असाच एक मला लागला होता. इथेच, गंगेवर, नावेच्या घाटाला. काय ती झुंज! दोरी तोडून गेला हो. गळ घेऊन गेला माझा. मी गळ बायकोच्या बनारसी साडीच्या जांभळ्या रेशमाने बांधतो. अख्ख्या जिल्ह्यात दुसरं कुणी बांधत नाही. त्या दिवशी मी रडलो, खोटं नाही सांगत.”

शशधरबाबू मान डोलावत डोकं फोडून खात होते. दाताखाली काहीतरी कटकन वाजलं. काटा असेल म्हणून त्यांनी बोटाने काढला.

तो गळ होता. त्याच्या मानेला तळून काळपटलेलं, पण अजून ओळखू येईल असं जांभळं रेशीम गुंडाळलेलं होतं.

पशुपतीबाबूंचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. शशधरबाबूंना एकदम राणीसायरचा काठ दिसला, फटिक दिसला, आणि धुरकटलेली काच दिसली. त्यांनी वर पाहिलं. पशुपतीबाबू त्यांच्याकडेच बघत होते. आपला गळ कुठल्या पाण्यात राहिला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे हा मासा कुठल्या पाण्यातून आला तेही त्यांना आता ठाऊक झालं होतं. पंगत थांबली होती. एकाने तोंड उघडलं असतं तर दोघंही बुडाले असते.

तेवढ्यात झिनुकची म्हातारी आत्याआजी पुढे झाली, तिने तो गळ उजेडात धरला आणि ओरडली, “अग बाई! हे तर मधल्या सुनेच्या शालूचं रेशीम! पशुपतीच्या हातून सुटलेला मासा व्याह्यांच्या गळाला लागला!”

“त्याच गंगेत!” कुणीतरी म्हणालं.

“कालन्याला सुटला आणि बालागढला सापडला!”

“विधात्याने बांधलेली गाठ आहे ही! लग्न वर ठरलेलं होतं!”

शंख वाजला. बायकांनी तोंडाने मंगल उलुध्वनी केला. नवरा-नवरीला सोडून फोटोवाला माशाच्या डोक्याचा फोटो काढायला धावला. दोन थापा एकमेकींना साक्षीदार होऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्या मांडवाने त्यांना नमस्कार केला. पशुपतीबाबू उठले, पानावरून वाकून त्यांनी शशधरबाबूंना कडकडून मिठी मारली. दोघंही खरोखर थरथरत होते. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

हात धुवायला दोघं नळावर गेले. आसपास कुणी नव्हतं.

“पिंपळाखालचं मचाण?” शशधरबाबूंनी विचारलं.

“त्याच्या पलीकडचं.” पशुपतीबाबूंनी खाकरून घसा साफ केला. “तुम्ही काय लावलं होतं?”

“आंबलेली पेंड.”

“हात्तिच्या! मी मध लावत बसलो.” त्यांनी नळ बंद केला. “काय मासा होता हो!”

“काय मासा होता!” शशधरबाबू म्हणाले.

त्यानंतर त्या भागात गंगेची कीर्ती अशी पसरली की बोलायची सोय नाही. रविवार उजाडला तो घाटाघाटावर गळवाल्यांची झुंबड घेऊन. न्हावी, सुतार, खुद्द पुरोहित, सगळे पुराच्या पाण्यात गळ टाकून बसले. राणीसायरची मचाणं ओस पडली असणार, हे ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं.

शशधरबाबू भल्या सकाळी बापाची काठी घेऊन पाय न वाजवता दाराबाहेर पडले. गल्लीच्या तोंडाशी पशुपतीबाबू मोटारसायकलवर बसले होते, हेल्मेटची काच खाली ओढून.

“अहो!” मागून हाक आली.

बीणापाणिबाई दारात उभ्या होत्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात माकडटोपी.

“नदीवर निघालात ना? मग ही राहिली की.” त्यांनी टोपी त्यांच्या हातात कोंबली, पदर खोचला आणि घरात वळता वळता म्हणाल्या, “आणि आज कटला आणा. घरी आणायच्या आधी गंगेत बुडवत बसू नका, चव जाते.”